राहिलेली बाही

कागदावर पाहिलं तर ती त्या घराची सून उरली नव्हती. चार वर्षांपूर्वी नवऱ्याने दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटला, सह्या झाल्या, कपाटं रिकामी झाली, आणि लग्नातलं जे काही वाटून घ्यायचं होतं ते दोघांनी फारशी भांडाभांडी न करता वाटून घेतलं. सासूबाई मात्र त्या वाटणीत कुणाच्याच वाट्याला गेल्या नाहीत. नवऱ्याने नेल्या नाहीत आणि हिने सोडल्या नाहीत. त्या तिला 'सूनबाई' म्हणत राहिल्या आणि ती त्यांना 'आई'. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती त्यांच्या दारात हजर. शेजाऱ्यांना सुरुवातीला नवल वाटलं, मग तेही शिळं झालं.

सासूबाई शिवणकाम करायच्या, पण सरसकट सगळ्यांचं नाही. त्यांच्याकडे येणारी माणसं वेगळी. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक खांदा पडलेला, कुणाचा पाय आखूड, ऑपरेशननंतर कुणाची छाती एका बाजूने रिकामी, कुणाचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलेलं. दुकानातले तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशी ही माणसं. गल्लीने सासूबाईंचं नाव ठेवलं होतं 'सरळबाई'. वाकडं अंग सरळ दाखवते म्हणून सरळबाई. त्यांना स्वतःला ते नाव मुळीच पसंत नव्हतं.

"मी कुणाला सरळबिरळ करत नाही," त्या म्हणायच्या. "कपड्याने अंगाचं ऐकावं, एवढंच बघते. अंगाने का म्हणून कपड्याचं ऐकायचं?"

घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. खिडकीला लागून कापडं बेतायचं लांबलचक टेबल, त्याच्या कडा कात्री घासून घासून गोलसर झालेल्या. पायाने चालवायचं मशीन. आणि कोपऱ्यात एक पुतळा. या पुतळ्याला त्या लहानमोठ्या कापसाच्या उशा पट्ट्यांनी बांधायच्या आणि हवा तसा बाक द्यायच्या. सोमवारी तो पुतळा डाव्या खांद्याने पडलेला पोस्टमन असे, बुधवारी कुबड आलेली शाळामास्तरीण. शनिवारी उशा सोडल्या की बिचारा पुन्हा कुणीच नसे.

सूनबाई प्रोग्रॅमर होती. वय शेहेचाळीस, एकाच कंपनीत अठरावं वर्ष. कंपनी कारखान्यांसाठी हजेरीचं आणि रजेचं सॉफ्टवेअर बनवायची. कोण कधी आलं, कधी गेलं, कुणाची किती रजा शिल्लक. प्रोग्रॅम इतका जुना की त्यात मधूनमधून कुणीतरी 'याला हात लावू नये' असं लिहून ठेवलेलं होतं, आणि का लावू नये ते सांगू शकणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. एक ओळ बदलायची म्हटली तर पाच जणांची मंजुरी लागे, आणि त्या पाचांतले दोघे हटकून रजेवर असत. एकदा पडद्यावरची एक शुद्धलेखनाची चूक सुधारायला तिला तीन आठवडे लागले होते. कामाचा तिला कंटाळा नव्हता. कामापर्यंत कुणी पोचूच देत नाही, याने ती विटली होती.

तिच्या वरच्या साहेबांना सगळे मागे 'तारीखसाहेब' म्हणायचे. त्यांना काहीही विचारा, उत्तरात तारीखच येणार.

"साहेब, हे असं कशासाठी करायचंय?"

"पंधरा तारखेसाठी."

माणूस वाईट नव्हता. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी तारखा ओतत होतं, तो त्या खाली सांडत होता, इतकंच.

पहाटे पाच ते सात मात्र सूनबाईची स्वतःची वेळ. स्वयंपाकघरातलं टेबल, चहाचा मोठा कप आणि जुना लॅपटॉप. त्या दोन तासांत तिने लिहिलेली ओळ कुणाच्या मंजुरीवाचून चालायची. चुकली तर तिची ती चुकायची, आणि तिची ती सुधारायची. तिथे ती एक मोठं काम करत होती, आणि त्या कामाला निमित्त झाले ते लायब्ररीतले एक कारकून.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या उजव्या हाताची बोटं आखडली. कात्री धरवेना, सुई ओवता येईना. त्यांनी दारावरची पाटी काढून ठेवली. आणि अशाच एका रविवारी, सूनबाई तिथे असताना, पाठीला चांगलाच बाक असलेले हे कारकून काखेत शर्टाचं कापड घेऊन दारात उभे राहिले.

"आता नाही हो जमत मला," सासूबाई म्हणाल्या आणि आपला हात वर करून दाखवला.

"बरं," ते म्हणाले. पण हलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग आता मी कुणाकडे जाऊ?"

ते गेल्यावर चहा कपातच गार झाला. मग सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या डोक्यात जे आहे ते सगळं मला सांगा. मी प्रोग्रॅम लिहिते. माणसाची मापं टाकायची, पेपर कटिंग छापून बाहेर येईल. मग कुठल्याही शिंप्याने त्याबरहुकूम कापावं."

सासूबाई हसल्या. "डोक्यात काही नाही गं माझ्या. जे काय आहे ते हातात."

"मग हाताला विचारू."

असं ते काम सुरू झालं. रविवारी सासूबाई सांगायच्या, सूनबाई वहीत उतरवून घ्यायची, आणि आठवडाभर पहाटे त्याचा प्रोग्रॅम करायची. सोपं नव्हतं ते. सासूबाई म्हणायच्या, "इथे दोन बोटं सोडायची, आणि थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे जास्त नाही."

सूनबाईने टेप घेऊन सासूबाईंची दोन बोटं मोजली. ती निघाली साडेतीन सेंटिमीटर. 'थोडं' मोजायला मात्र दोन महिने गेले. त्यांनी शिवलेले जुने कपडे लोकांकडून मागून आणून, उसवून, तिने मापं घेतली तेव्हा कळलं की तरुणांचं थोडं चार मिलिमीटर असतं आणि म्हाताऱ्यांचं आठ.

"अगं, म्हाताऱ्यांना थोडं जास्त थोडं लागतं," सासूबाईंनी खुलासा केला. "ती आणखी वाकणार असतात ना."

सूनबाईने तेही लिहून घेतलं. अठरा वर्षांत कंपनीत इतकं शहाणपणाचं वाक्य तिने ऐकलं नव्हतं.

दीड वर्षात गळा झाला, पाठ झाली, पडलेले खांदे झाले, खुर्चीत बसणाऱ्यांच्या पँटची मागची बाजू झाली. कारकुनांसाठी प्रोग्रॅमने पहिलं कटिंग काढलं ते बिनबाह्यांच्या जाकिटाचं. चिकटपट्टीने जोडलेले बारा कागद घेऊन ती नाक्यावरच्या शिंप्याकडे गेली, त्याने मान हलवत हलवत शिवलं, आणि एका रविवारी कारकून ते घालून दाखवायला आले. पुढच्या खोलीत, एवढ्या वयात, त्यांनी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून आखडलेला हात फिरवला आणि सूनबाईकडे बघून नुसती मान डोलावली.

राहिली होती बाही. वाकलेल्या पाठीच्या माणसाचे हात सरळ खाली लोंबत नाहीत, पुढे येतात. साधी बाही त्याला कोपरापाशी ओढते, काखेत काचते, हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो. सासूबाईंची बाही मात्र कधी ओढली नव्हती. ती कुठे आणि किती वळवायची, वरचा गोलवा कुठे उतरता घ्यायचा, हे गल्लीतच काय, त्या शहरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

"बाही शेवटी," त्या म्हणायच्या. "बाही कठीण. बाकीचं सगळं आटप, मग सांगते. एका बैठकीत नाही व्हायचं ते, चार-पाच रविवार लागतील."

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

कंपनीला एक मोठा ग्राहक मिळाला. पंचवीस कारखाने, आणि त्यांना कॉम्प्युटरवर रजेच्या अर्जाचा नवाकोरा पडदा हवा. तारीखसाहेबांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि तारीख सांगितली. मग म्हणाले, "काही दिवस रविवारी यावं लागेल. सगळ्यांनाच."

"किती दिवस?" सूनबाईने विचारलं.

"एकतीस तारखेपर्यंत."

कुठल्या महिन्याची एकतीस, ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांना रजा मिळावी म्हणून प्रोग्रॅम लिहायचा आणि त्यासाठी स्वतःची रजा द्यायची, यावर पहिले दोन आठवडे ऑफिसात विनोद झाले. तिसऱ्या आठवड्यात विनोद करायलाही कुणाला फुरसत राहिली नाही.

शनिवारी संध्याकाळी ती फोन करायची. "आई, या रविवारीही नाही जमणार."

"बरं," सासूबाई म्हणायच्या. "बाही काय कुठे पळून चाललीय?"

पहाटेचे दोन तासही हळूहळू गेले. पाच वाजता डोळे उघडायचे, पण आदल्या दिवशीचं ऑफिस अजून डोक्यातच बसलेलं असायचं. नोकरी आणि आपलं काम, दोन्ही दगडांवर पाय ठेवून ती उभी होती, आणि दगड होडीसारखे एकमेकांपासून दूर सरकत होते. रजेच्या पडद्याचं मात्र नवंनवं निघत होतं. तीनदा रचना बदलली. रंग बदलला. जुना रंग परत आला.

चौथ्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला मीटिंग चालू होती. खोलीत चौदा माणसं. पडद्यावरच्या बटणावर 'अर्ज करा' लिहावं की 'अर्ज पाठवा', यावर पाऊण तास झाला होता. सूनबाईचा फोन थरथरला. सासूबाई कामाच्या वेळी कधी फोन करत नसत, म्हणून घाबरून तिने तो तिथेच घेतला.

"सूनबाई," सासूबाईंचा आवाज नेहमीपेक्षा घाईत होता. "बाहीचं आत्ता बरोबर डोक्यात आलंय बघ. सगळं. हाताला धरून समोर उभं केल्यासारखं. लिहून घे."

चौदा माणसं तिच्याकडे बघत होती. तारीखसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"आई, मीटिंगमध्ये आहे मी," ती हळू आवाजात म्हणाली. "संध्याकाळी करते फोन. नक्की."

"अगं, दोन मिनिटं—"

"संध्याकाळी, आई."

'अर्ज पाठवा' ठरलं.

संध्याकाळी साडेसहाला ऑफिसच्या जिन्यातच थांबून, वही मांडीवर घेऊन तिने फोन लावला.

"आई, सांगा बाहीचं."

सासूबाई म्हणाल्या, "कसलं बाहीचं?"

"सकाळी फोन केला होता ना तुम्ही?"

"मी?" सासूबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "नाही गं. मी कशाला करीन तुला कामाच्या वेळी फोन?"

सूनबाईने वही मिटली. थकवा असेल, वय झालं, होतं असं, असं तिने स्वतःला समजावलं. समजावणं तिला परवडणारं होतं, कारण दुसरं काही करायला वेळ नव्हता. पंधरा दिवसांनी सासूबाईंच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सने तिला फोन करून सांगितलं की सासूबाई दोनदा गल्लीच्या तोंडाशी उभ्या दिसल्या, कुठे जायचं होतं ते त्यांना सांगता येईना. तेव्हाही तिने नर्सला 'लक्ष असू द्या हं जरा' असं सांगितलं, एका संध्याकाळी धावतपळत अर्धा तास जाऊन आली, आणि पुन्हा आपलं काम, आपलं ऑफिस.

सातव्या महिन्यात, एका गुरुवारी, चार ओळींचं पत्र सगळ्यांना आलं. ग्राहकाने दुसऱ्या कंपनीचा तयार प्रोग्रॅम घ्यायचं ठरवलं आहे. रजेच्या पडद्याचं काम इथेच थांबवावं. सर्वांच्या मेहनतीबद्दल आभार. चौथी ओळ तारीखसाहेबांच्या सहीची होती, आणि पहिल्यांदाच त्यांच्या पत्रात तारीख नव्हती. सात महिन्यांचं काम एका दुपारी बाजूला काढून ठेवलं गेलं. कुणी आरडाओरडा केला नाही. एक जण बाटली भरून पाणी घेऊन आला आणि ते न पिता बसून राहिला.

सूनबाईने आठ दिवसांची रजा मागितली. ती लगेच मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं आणि तिच्या मागे बघितलं. "एकटीच आलीस? तो नाही आला?"

'तो' म्हणजे त्यांचा मुलगा. एकेकाळी तिचा नवरा असलेला.

"नाही, आई. कामात आहे," ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी त्यांनीच तिला 'तू रडू नकोस, त्याचं नशीब' म्हणून जवळ घेतलं होतं. ते त्यांच्या लेखी आता घडलंच नव्हतं.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं. तिने त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "दिवसभर सोबतीला बाई ठेवूया. मी बघतो ते सगळं." आणि फोन ठेवण्याआधी म्हणाला, "तू जातेस तिथे, म्हणून मला जरा धीर आहे." रागावण्याइतकं त्याचं काही चुकीचं नव्हतं, आणि बरं वाटावं असंही त्यात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचं मन जरा ताळ्यावर दिसलं. तिने टेबलावर मांजरपाट अंथरला, पुतळ्याला कारकुनांच्या मापाच्या उशा बांधल्या आणि विचारलं, "आई, याला बाही कशी लावायची?"

सासूबाई पुतळ्याभोवती एकदा फिरल्या. मग कसलाही विचार न करता खडू उचलला. आखडलेल्या बोटांत तो धरून त्यांनी एक भरघोस रेषा ओढली, खाली वळवली, वर आणली. हात विसरला नाही, असं सूनबाईला वाटलं. तिने त्या रेषेवरून कात्री चालवली, धावदोरा घातला आणि बाही पुतळ्याला टाचली.

बाही साधी होती. सरळ माणसाची. कोपराच्या जागी तिला घडी पडली आणि काखेत चोळामोळा झाला.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पुढे झाल्या, घडीवर बोट ठेवलं. "हे असं नसतं," त्या म्हणाल्या.

"मग कसं असतं, आई?"

त्यांनी ओठ हलवले. हात पुढे केला, मागे घेतला. "हे असं नसतं," पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. आपण काहीतरी हरवलंय एवढं त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. सूनबाईने घाईने बाही उसवून टाकली, जसं काही ती दिसेनाशी झाली की तेवढं दुःख कमी होईल.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण पहाटे पाचला ती टेबलाशी बसली ती एक विचार घेऊनच. सासूबाईंना बाही सांगता येत नव्हती, करता येत नव्हती. पण चुकलेली ओळखता येत होती. प्रोग्रॅमरला याहून जास्त काय लागतं? आपण करत जायचं, त्यांनी नाही म्हणत जायचं. नाही, नाही, नाही करत एक दिवस बरोबर उत्तराशी पोचायचं. असंच करत किती तरी कामं ती आयुष्यभर निभावत आली होती.

रजा संपली, ऑफिस सुरू झालं. तिथे तिला आता ग्राहकाने घेतलेला तो दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम आपल्या जुन्या प्रोग्रॅमला जोडून द्यायचं काम मिळालं होतं. ती दहाला जायची, सहाला निघायची, आणि कुणी रविवारचं नाव काढलं तर 'मला जमणार नाही' एवढंच म्हणायची. तारीखसाहेबांनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या, दुसऱ्यांदा मान्य केलं. इतकं सोपं होतं ते. सात महिन्यांपूर्वीही इतकंच सोपं असणार, हे संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना तिच्या ध्यानात आलं.

पहाटे ती वेगवेगळ्या वळणांच्या बाह्या प्रोग्रॅममधून काढायची, संध्याकाळी मांजरपाटावर कापायची, ओबडधोबड का होईना पण शिवायची. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पेनाने आकडा. रविवारी तीन-तीन बाह्या घेऊन जायची आणि पुतळ्याला एकेक टाचायची.

"नाही," सासूबाई म्हणायच्या.

"कुठे नाही?"

बोट कोपरावर जायचं, नाहीतर काखेवर. सूनबाई वहीत खूण करायची. दिवसा सोबतीला असणाऱ्या बाई आधी या प्रकाराकडे डोळे विस्फारून बघायच्या, मग त्याही टाचण्या धरायला पुढे होऊ लागल्या. "आज किती नंबर?" त्या दारातच विचारायच्या.

सात नंबरला काखेतला काच सुटला. अकराला मागचा ताण गेला. सतराव्या बाहीला सासूबाईंनी डोकं तिरकं केलं, डोळे बारीक केले, आणि म्हणाल्या, "थोडं."

"थोडं काय, आई? थोडं वळवू?"

"थोडं," त्यांनी कोपराच्या जरा वर बोट टेकवलं.

सूनबाई त्या दिवशी घरी पोचेपर्यंत स्वतःशीच हसत होती. तिने पुढच्या आठवड्यात त्या जागी चार मिलिमीटरही करून बघितलं आणि आठही. तेविसाव्या बाहीला सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. पुतळ्याचा नसलेला हात धरून वर उचलावा तशी त्यांनी बाही उचलली, खाली सोडली. मग सावकाश म्हणाल्या, "नाही." पण ते 'नाही' आधीच्या 'नाही'सारखं नव्हतं. त्यात कोपरापाशी बोटाच्या पेराएवढंच काहीतरी उरलं होतं. अजून दोन रविवार, सूनबाईने मनाशी म्हटलं. फार तर तीन.

पुढच्या रविवारी सासूबाईंना ताप होता. त्यानंतरच्या रविवारी त्या उठून बसल्या होत्या, पण चेहऱ्यावर पांघरूण घातल्यासारखं काही आलं होतं. सूनबाईने चोविसावी बाही टाचली. घाईत तिने चूक केली होती. डाव्या बाजूची बाही उजवीकडे लावली होती. वळण पुढे यायचं ते मागे गेलं होतं. कुणा नवशिक्यालाही दिसावं इतकं ते वाकडं होतं. तिला ते कळलं आणि ती टाचण्या काढायला वाकली.

"छान बसली," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईचा हात थांबला. "छान आहे, आई?"

"छान. छान आहे."

तिने पिशवीतून तेविसावी काढली आणि टाचली.

"छान," सासूबाई म्हणाल्या.

मग तिने तळाशी ठेवलेली एक नंबर काढली. पहिलीवहिली, कोपरात घडी पडणारी, ज्या बाहीला त्या कधीच हो म्हणाल्या नसत्या. सोबतीच्या बाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सूनबाईने बाही टाचली, घडी मुद्दाम त्यांच्या समोर येईल असा पुतळा फिरवला, आणि विचारलं.

"किती सुरेख," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे बघून हसल्या. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून हसतात तशा.

तिने सगळ्या बाह्या घड्या घालून पिशवीत भरल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी सोबतीच्या बाईंनी आधीच घासून ठेवली होती.

दोन महिन्यांनी तिने प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही घ्यावा, मापं टाकावीत, कागद छापावेत. बाहीच्या पानावर तेविसावी बाही ठेवली आणि खाली लिहिलं: 'ही बाही पूर्ण बरोबर नाही. कोपरापाशी थोडी ओढते. नेमकी कशी करायची ते ज्यांना माहीत होतं, त्यांना आता आठवत नाही.' हे लिहिताना कुणाची मंजुरी लागली नाही. पानाच्या वर तिने सासूबाईंचं नाव घातलं. खरं नाव, गल्लीने ठेवलेलं नव्हे.

लायब्ररीतल्या कारकुनांनी त्या बाहीचा शर्ट शिवून घेतला. बरा बसतो म्हणाले. भला माणूस. हात वर केल्यावर ते कोपर हळूच चोळतात, ते तिने पाहिलं.

मग एके दिवशी, कुठल्याशा लांबच्या गावाहून एका अनोळखी शिंपिणीचं पत्र तिच्या लॅपटॉपवर आलं. ऑफिसातच वाचलं तिने ते. लिहिलं होतं: 'ताई, माझ्या पुतणीची पाठ अशीच आहे. तुमच्यामुळे तिला पहिल्यांदा अंगाबरोबरचा कपडा मिळाला. फक्त बाहीचं तेवढं त्या बाईंना एकदा निवांत बसून विचारा ना. आपण बसलो जवळ, तर आठवतं कधीकधी माणसाला.'

सूनबाईने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'विचारायला मला उशीर झाला. तुम्ही तुमच्या हाताने करून बघा, आणि जमलं तर मला कळवा.' तारीखसाहेब दारातून डोकावून काहीतरी सांगून गेले. कितवी तारीख, ते तिने ऐकलं नाही.

रविवारी ती दहाला पोचली. लॅपटॉप नाही, वही नाही, बाह्यांची पिशवी नाही. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

"आज तुला काम नाही का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. आज काही काम नाही."

"मग बस," सासूबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या स्टुलावरचं कापड उचलून तिला जागा करून दिली.

ती बसली.